सहा सेकंदांची सावली

ती सावली माझ्यामुळे पुसली गेली. ताईंनी मला कधी दोष दिला नाही, म्हणून हे मलाच सांगावं लागतंय.

आमच्या ऑफिसात परभाषेतल्या चित्रपटांना सबटायटल्स लावतात. एक खोली, चार संगणक आणि दिवसाही ओढून घेतलेले जाड पडदे. ताई तमिळचं मराठी करायच्या आणि मी त्यांचं काम तपासायचे: ओळ संवादाबरोबर उमटते का, वाचून व्हायच्या आत निघून तर जात नाही ना, एका सेकंदाला पंधराच्या वर अक्षरं होत नाहीत ना. भौतिकशास्त्र शिकून मी असलं काम करते याचं घरच्यांना वाईट वाटायचं, मला नाही. मोजायला काही मिळालं की माझं भागतं. ताईंनी माझं नाव ‘फूटपट्टी’ ठेवलं होतं.

तमिळ त्या नवऱ्याकडून शिकल्या. “बावीस वर्षांचा संसार,” त्या सांगायच्या. “भांडण त्यांच्या भाषेत, समेट माझ्या. म्हणून माझं तमिळ रागात जास्त चांगलं.” नवरा सिनेमाच्या कामात होता आणि आठ महिन्यांपूर्वी गेला, एवढंच मला ठाऊक होतं.

मग तो प्रेमाचा चित्रपट आला. पहिली दहा मिनिटं मी तपासायचंच विसरले. धुक्यातली मिठागरं आणि त्यांच्या बांधावरून जाणारी एकच सायकल. निळ्या भिंतीला टेकून उभी नायिका, आणि भिंतीवरून इतका हळू सरकणारा उजेड की तो सरकला हे नंतर कळावं. गोष्ट मात्र नखाएवढी. त्याचं तिच्यावर प्रेम, तिचं त्याच्यावर. एक पत्र भलत्याच्या हाती पडतं आणि दोघं दोन तास रुसून बसतात.

“यांच्याकडे फोन नाहीत का हो, ताई?”

“फोन केला तर पाच मिनिटांत मिटेल की सगळं. मग एवढा समुद्र दाखवायचा कधी?”

“पण कथेत काही दमच नाही.”

“नाहीच.” त्यांनी समोरून नजर काढली नाही. “तू गोष्ट नको बघूस. नुसतं बघ.”

त्यांची फाइल माझ्याकडे आली तेव्हा अकराशे चार संवादांपैकी एकाचं भाषांतर नव्हतं. नायिका वाळूवर उभी राहून म्हणते, ‘समुद्र किती मोठा आहे ना.’ मी ताईंना विचारलं.

“मोठा आहे हे लोकांना दिसतंय. त्यावर अक्षरं कशाला? राहू दे तेवढी रिकामी.”

मला ते पटलं नाही. रिकामी का ठेवली असेल म्हणून मी तो तुकडा थांबवून थांबवून पाहिला, आणि चौकटीच्या खालच्या कडेला मला ती दिसली. ओल्या वाळूवर एका माणसाची लांब सावली, हातात कॅमेरा. सहा सेकंद. सबटायटल असतं तर बरोबर तिच्यावर आलं असतं. मला वाटलं, चूक पकडली आपण. अहवालात मी दोन नोंदी केल्या. पहिली, संवादाचं भाषांतर राहिलं आहे. दुसरी, याच जागी छायालेखकाची सावली दिसते, बहुधा नजरचुकीने राहिली असावी. दुसरी नोंद माझ्या कामाचा भाग नव्हती. कोणी मागितलीही नव्हती. अहवाल नेहमीप्रमाणे थेट निर्मात्यांकडे गेला.

आठवड्याने नवी प्रत आली, सोबत आभाराची चिठ्ठी. ताई ओळी पुन्हा बसवत होत्या. त्या एकच जागा मागे नेऊन परत परत बघताहेत हे मला त्यांच्या बोटांच्या आवाजावरून कळत होतं.

“फूटपट्टी, इथे काहीतरी होतं गं.”

“सावली ना? काढली त्यांनी. मीच कळवलं होतं.” मी हे चक्क हसत सांगितलं.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. वायरीची गुंडाळी केली, सोडली, परत केली.

“ते आमचे हे होते.”

चित्रपट त्यांच्या नवऱ्याने चित्रित केला होता. शेवटचा. घरच्या माणसाचं काम म्हटल्यावर मालक तो दुसऱ्या कुणाला देतील, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. श्रेयनामावलीत नाव होतं, पण ते तमिळ अक्षरांत. मला ती वाचता येत नाहीत. घरी यजमानांचे फोटो होते, लग्नाचे, लेकीच्या वाढदिवसाचे. कामावरचा एकही नव्हता. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात, मग त्यांचा काढणार कोण?

मी निर्मात्यांच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडचा माणूस फार नम्र होता. अंतिम प्रत ठरली की आधीच्या सगळ्या पुसतात, म्हणाला. आमच्याकडची जुनी फाइल नव्या प्रतीबरोबर आपोआप बदलली गेली होती. “मॅडम, तुमच्यामुळे अब्रू वाचली,” त्याने पुन्हा आभार मानले.

ताईंना हे सांगताना मी त्यांच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होते.

“जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “चूकच होती ती. ह्यांच्या लक्षात आली असती तर ह्यांनीच काढायला लावली असती. तेव्हा अंगात ताप असायचा, म्हणून निसटली. मी ती जपायला बघत होते हे कळलं असतं तर वर मलाच ओरडले असते.”

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“डावं कोपर असं बाहेर होतं ना?” त्यांनी स्वतःचा हात वर धरून दाखवला. “खांदा आखडल्यापासून तसाच धरायचे कॅमेरा. तू पाहिलंस ना?”

मी सावली कुठल्या सेकंदाला येते आणि कुठल्या सेकंदाला जाते ते पाहिलं होतं. कोपर पाहिलं नव्हतं. न पाहिलेली गोष्ट मी आजवर कुठल्या अहवालात लिहिलेली नाही.

“हो,” मी म्हणाले. “डावं. चांगलंच बाहेर होतं.”

“बघ. मला वाटलं, मला एकटीलाच दिसलं की काय.”

त्यांनी हात खाली घेतला, हेडफोन कानाला लावले आणि राहिलेली ओळ टाइप करायला घेतली.