रुपाच्या हातून दगड्या मेला

रविवारी दुपारची जेवणं आटपली की टोकावडे गावातला धाऊचा धाबा रिकामा व्हायचा. मग मागच्या टेबलावर धाऊ, हरेश आणि रुपा खेळायला बसत. हरेश कल्याणला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता, तिथल्या मित्राने त्याला हा खेळ शिकवलेला. प्रत्येकाने गोष्टीतलं एक माणूस व्हायचं, हरेशने गोष्ट पुढे न्यायची आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. कोणाच्या अंगात किती बळ, ते एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं.

धाऊ तलवारबाज होता. मुरबाडच्या दवाखान्यात नर्स असलेली रुपा झाली होती भुराई नावाची भटकी म्हातारी. भुराईला कोणत्याही जिवाशी बोलता यायचं, बाकी हातात नुसती काठी. लढाई लागली की ती धाऊच्या मागे. रुपा कुरकुरायची, "माझी म्हातारी नुसती तोंडाची वाफ दवडते."

२००३ च्या दिवाळीनंतर हरेशने त्याच खेळाची नवी आवृत्ती आणली. "आता सगळे तोडीस तोड केलेत. तुझी भुराईपण वीज पाडील." रुपा हरखली. भुराईचं ते जिवांशी बोलणं नव्या पुस्तकात नव्हतंच, पण तेव्हा तिने ते मनावर घेतलं नाही.

त्या दिवशी गोष्टीतल्या घाटात दगड्या आडवा आला. दगड्या म्हणजे दरडीएवढा राक्षस, घाटाचा राखणदार. भुराईशी त्याची जुनी ओळख. दरवेळी दोघं गप्पा मारत बसत आणि मग तो वाट सोडी.

"दगड्याने हात वर उचललाय," हरेश म्हणाला.

"थांब, त्याला गंमत दाखवते." जुन्या भुराईने काहीही केलं तरी दगड्याला ओरखडा उठला नसता. त्याच सवयीने रुपाने वीज टाकली. फासे गडगडले. एकूण एक फाशावर सहा.

हरेशने बेरीज केली, पुन्हा केली. मग हळूच म्हणाला, "मेला गो तो."

"कोण?"

"दगड्या. जागेवर खलास."

धाऊ ताडकन उभा राहिला. "अगं, मारलंस त्याला?"

"त्याने हात उचललेला ना?" रुपाचा आवाज चिरकला.

"वरच्या फांदीवरच्या चिंचा काढून द्यायला. तुझ्यासाठी," हरेश म्हणाला.

रुपाने टेबलावरचे फासे बाजूला सारले. दवाखान्यात तिने खरी मरणं पाहिली होती, पण त्यातलं एकही तिच्या हातून झालं नव्हतं.

"पुन्हा टाक फासे," हरेश म्हणाला. "नाय धरत हा डाव."

"नको. माझ्या हातून झालंय. मेला तो मेलाच."

आठवडाभर तिला चैन पडेना. पुढच्या रविवारी ती ठरवूनच आली. "वीज राहू दे. पण टाकायच्या आधी भुराई समोरच्याला नाव विचारणार. काय पाहिजे तेही विचारणार."

"पुस्तकात असं नाय," हरेश म्हणाला.

"आपण घालू."

"तवर समोरचा हाणील ना तुला!" धाऊ ओरडला.

"हाणू दे."

हरेशने मान डोलावली. थोड्याच वेळात गोष्टीत एक भालेकरी धावून आला. भुराईने नाव विचारलं, तोच भाला तिच्या खांद्यात घुसला. तिचं निम्मं बळ गेलं. धाऊने कपाळावर हात मारला. रुपा हलली नाही.

"नाव सांग," ती पुन्हा म्हणाली.

भालेकऱ्याला नाव असेल, हे हरेशच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने पुस्तक मिटलं आणि तो विचार करू लागला.