तिन्हीसांजेची कलमं

फुलझाडांच्या धंद्यात त्यांना सगळे खुडबुवा म्हणत, आणि ते नाव त्यांनी स्वतः कमावलं होतं. कुणाकडे चहाला गेले तरी बोलता बोलता खिडकीतल्या कुंडीचे शेंडे खुडून मोकळे. शेंडा खुडला की झाड चहूबाजूंनी फुटतं, टांगलेली टोपली भरून खाली लोंबतं, हे खरं. पण म्हणून घरच्या माणसाला विचारायचंसुद्धा नाही?

बायको यावर पोटभर हसायची. नर्सरीतल्या काचघराच्या दारात मात्र नवऱ्याला अडवायची. "हात," एवढंच म्हणायची. बुवांनी तळवे पुढे करायचे, तिने वास घ्यायचा आणि नळाकडे बोट दाखवायचं. तंबाखूचा एक रोग पेटुनियाला लागतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या बोटांवरून तो झाडात शिरतो आणि एकदा शिरला की त्यावर औषध नाही. बुवांची सिगारेट तिने लग्नानंतर लगेचच सोडवली होती. तरी वास घ्यायचं काही सोडलं नाही.

ती जपत होती तिन्हीसांजेला. पेटुनियाची ही जात तिनेच तयार केलेली, नावही तिचंच. मध्ये गडद जांभळी, कडेला राखी निळी, आणि टोपलीतून अशी खाली उतरायची की गिऱ्हाईक बघतच राहायचं. पण ही जात बी धरत नाही. शेंड्याचं कलम लावायचं, तरच पुढचं झाड. त्या कलमांसाठी वेगळी राखलेली आईझाडं काचघरात होती आणि त्यांना फुलू द्यायचं नाही असा नियम होता. कळी दिसली की खुडायची, म्हणजे सगळा जोर शेंड्यांना जातो.

मग बायको आजारी पडली आणि गेली. बुवा चारचौघांत रडले नाहीत. काचघरामागे पाण्याच्या टाकीशी उभं राहून त्यांनी एक सिगारेट पेटवली. आजच्या दिवस, असं स्वतःला सांगितलं. आजच्या दिवस म्हणून सुरू झालेलं कधी एका दिवसात संपलंय? दारात आता अडवणारं कोणी नव्हतं. ते आईझाडांपाशी बसून राहायचे, तिची आठवण आली की कळ्या खुडायचे, आणि आठवण तर सारखीच यायची.

पानं चितकबरी व्हायला लागली. आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे. सुरकुतली, वेडीवाकडी झाली. तपासणीला आलेल्या बाईंनी एक पान उजेडात धरलं आणि विचारलं, "इथे सिगारेट कोण ओढतं?"

"आमच्याकडे कोणी नाही," बुवांची लेक ताठ मानेने म्हणाली. "आईच्या वेळेपासून बंदी आहे."

बुवा शेजारीच होते. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

सगळी आईझाडं जाळावी लागली. त्यांच्यापासून काढलेली सगळी रोपंही गेली. लेक धुराकडे बघत रडत होती आणि बुवा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. तोच हात.

दुसऱ्या दिवशी लेकीला मावशीकडची तिन्हीसांजेची टोपली आठवली आणि ती बुवांना घेऊन तिकडे निघाली. आईने धाकट्या बहिणीला दिलेली, आजारी पडायच्या आधी. बायको गेल्यापासून बुवा मेहुणीकडे फिरकले नव्हते. तिचा आवाज थेट थोरल्या बहिणीसारखा, तो त्यांना ऐकवत नसे. म्हणून ती टोपली त्यांच्या तावडीतून सुटली होती.

"या भावजी, वाट चुकलात वाटतं," मेहुणीने दार उघडत म्हटलं आणि सरळ गॅलरीत नेलं.

टोपली कठड्याच्याही खाली आली होती, फुलांनी भरलेली. एका पानावर डाग नाही. गिऱ्हाईकांच्या टोपल्या एका हंगामात वाळून जात, ही मेहुणीने छाटून छाटून जगवलेली; जगात उरलेली तिन्हीसांज तेवढीच होती.

लेकीने ब्लेड पुढे केलं. "तुम्हीच काढा, बाबा. तुमच्या हाताला यश आहे."

हात त्यांनी सकाळी घासूनपुसून धुतले होते. पण मघाशी लेक गाडी लावत होती तेवढ्यात कोपऱ्यावर जाऊन एक ओढून आले होते.

"नको," ते म्हणाले. "मी ओढतो. तुझी आई गेल्यापासून. टाकीमागे."



"तपासणीच्या बाईंना मी सांगितलं, आमच्याकडे कोणी नाही," लेक म्हणाली. "तुम्ही तिथेच होतात."

"होतो."

तिने ब्लेड मागे घेतलं. हात धुऊन आली आणि स्वतः शेंडे काढायला लागली. ब्लेड जोरात दाबत होती, दोन शेंडे चेंगरले. चुकतंय कुठे ते बुवांना कळत होतं, पण कुठल्या तोंडाने सांगणार? ते भिंतीला टेकून, हात खिशात घालून उभे राहिले.

कलमं थोडीच जगली, पण जगली. बुवांची सिगारेट त्या गॅलरीतच सुटली, ती कायमची.

कलमांची आईझाडं झाली, तेव्हा एका सकाळी बुवांनी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि काचघराच्या दारात जाऊन तळवे पुढे केले. लेकीने आतून पाहिलं. ती वास घ्यायला पुढे आली नाही.

"नको, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने दार ओढून घेतलं.

बुवा तसेच हात पुढे धरून थोडा वेळ उभे राहिले. काचेपलीकडे लेक कळ्या खुडत होती.