दाराला लावलेला नमुना

विषय : चोपलेल्या मातीच्या भिंतींचे राहते घर बांधण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : मिठागर कामगार हिरामण यांचा सन १९५६ चा अर्ज, सोबत मातीचा एक नमुना.

सोबतचा नमुना तो मी. मी मातीचा ठोकळा आहे. मला वीट म्हणू नये. मी भट्टी पाहिलेली नाही. सध्या मुक्काम तालुक्याच्या कचेरीच्या दारात, त्यामुळे भाषा थोडी सरकारी झाली आहे.

हिरामणची झोपडी मिठागराच्या बांधावर होती. दर पावसाळ्यात तिचं छप्पर वाऱ्याबरोबर जायचं आणि त्याची बायको सखुबाई ते खाडीपलीकडून परत आणायची. शेवटी ती म्हणाली, "मना जाग्याव ऱ्हानारं घर पायजे."

विटा आवाक्याबाहेर. हिरामणने ठरवलं, फळ्यांच्या पेटीत माती घालून धुमसाने ठोकायची आणि त्याचीच भिंत उभी करायची. आयुष्यभर त्याने मिठागराचा तळ तुडवून गुळगुळीत केलेला, तेव्हा मातीतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची समजूत होती. म्हणून पहिला ठोकळा त्याने मिठागराच्याच चिखलाचा केला. तो माझा थोरला भाऊ. फार देखणा होता म्हणतात. ज्येष्ठ लागला, पावसाचा पत्ता नव्हता, तरी हा घामाने निथळू लागला आणि बसल्या जागी पसरला.

"भित बांधताय का मीठ पिकवताय?" सखुबाईने विचारलं.

तेव्हापासून माती तपासायचं खातं तिच्याकडे गेलं. टोपली आली की ती चिमूटभर माती जिभेवर ठेवी आणि थुंकून टाकी. खाडीकाठची नापास. खाचरातली नापास. बाई माती खाते ही बातमी गावभर झाली.

शेजारची ठमी कुंपणावरून म्हणाली, "सखू, या वयात डोहाळं गो?"

"व्हय. घराचं."

डोंगराच्या पायथ्याची तांबडी माती मात्र तिने थुंकली नाही. मग हिरामणने तिचा ओला गोळा करून कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकला. तो पसरला नाही, भुगाही झाला नाही. चार ढेकळं झाली. पाणी बरोबर होतं. त्याच मातीचा, पेटीत थरावर थर ठोकून, मी झालो. माणसं जन्मल्यावर मार खातात, मी मार खाऊन जन्मलो. तक्रार नाही.

कचेरीत साहेब म्हणाले, "पावसात हे टिकेल कशावरून?"

हिरामणने मला टेबलावर ठेवलं. "तुमीच बघा, सायेब."

मला तपासणीसाठी जिल्ह्याला पाठवायचं ठरलं. तेवढ्यात वारा सुटला, दार आपटू लागलं आणि धर्माजी शिपायाने मला दाराला लावलं. जिल्हा राहिला. अर्धा मी आत आणि अर्धा पागोळ्यांखाली. लोकांनी माझ्यावर वहाणांचा चिखल पुसला, तंबाखू थुंकली.

दर दिवाळीनंतर हिरामण आत चौकशीला जाई. "तपासणी चालू आहे," असं उत्तर मिळे. बाहेर सखुबाई माझ्याशेजारी बसून अंगठ्याचं नख माझ्यात रुतवून बघे. तिसऱ्या वर्षी नवरा बाहेर येताच ती उठली.

"नख लागत न्हाय. आता आत काय इचारू नका. पेटी काढा."

"आनी परवानगी?"

"ती ईल तवा तिला ओट्याव बसवू."

यंदा नवीन साहेब आले. त्यांनी फाइल उघडून नमुना मागितला. कचेरी पालथी घातली गेली. मला पायाने जरा सरकवून धर्माजी म्हणाला, "सायेब, कपाटामागं बी बघितलं." शेरा पडला : नमुना आढळून येत नाही. हिरामणला बोलावणं गेलं.

"ह्यो काय, दारात," हिरामण म्हणाला.

साहेबांनी मला निरखून पाहिलं. डेडस्टॉकच्या वहीत माझी नोंद 'दाराचा दगड, एक' अशी निघाली. सरकारी दगड फोडून तपासायचा तर वरून मंजुरी हवी. ती मागितली आहे. मिळू नये, एवढीच माझी विनंती. दाराला माझी सवय झाली आहे.

हिरामण आणि सखुबाई नव्या घरात राहायला जाऊन दोन पावसाळे झाले. छप्पर जागेवर आहे, भिंतीही. घर बांधण्याच्या परवानगीचा अर्ज विचाराधीन आहे.