समोरच्याची बाजू

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, पण सही केली नाही. समोर शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज होता आणि तो घेऊन आलेले बसड्रायव्हर टेबलाशी ताठ उभे होते. चौथीचा अख्खा वर्ग चिडीचूप होता. पहिल्या बाकावरची ड्रायव्हरांची लेक, जिला सगळे टकळी म्हणायचे, ती आज तोंडाला कुलूप लावून बसली होती.

भांडण काय, तर टकळीला पोहण्याच्या क्लासला जायचं होतं आणि बाप नाही म्हणाला. तिनं कारण विचारलं. "मी सांगतो म्हणून," बाप म्हणाला. त्यावर ही कार्टी थोरल्या काकांदेखत म्हणाली, की 'मी सांगतो म्हणून' हे कारण नसतं, बाईंनी सांगितलंय. काका खो खो हसले आणि ड्रायव्हरांच्या मस्तकात तिडीक गेली. उलट बोलायला शिकवणारी शाळाच नको. सोमवारपासून पोरगी आत्याकडे राहणार, तिथल्याच शाळेत जाणार, असं ठरवूनच ते आले होते.

वाक्य बाईंचंच होतं, मुलांकडून वहीत तीनदा लिहून घेतलेलं. ते घरी कुणाच्या तोंडावर मारलं जाईल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता गुपचूप सही केली तर पोर हातची जाणार, आणि वाद घातला तर आगीत तेल.

"दहा मिनिटं बसा," त्या म्हणाल्या. "मग करते सही."

ड्रायव्हर शेवटच्या बाकावर अवघडून बसले. गुडघे काही आत मावेनात. बाईंनी टकळीला उभं केलं आणि वर्गाचा नियम तिच्याकडूनच वदवून घेतला: आधी समोरच्याची बाजू मांडायची, तो 'बरोबर' म्हणाला की मगच आपली. आज समोरचे म्हणजे बाबा.

बाबा थकून येतात, क्लास लांब आहे, असं टकळीनं सुरू केलं. बाबा दिवसभर लोकांची कटकट ऐकतात. बसमध्ये निदान चालकाशी बोलू नये अशी पाटी असते, घरात तीपण नसते. वर्ग फिस्सकन हसला. ड्रायव्हर हसले नाहीत. आणि चारचौघांत कारण विचारलं की मोठ्या माणसाला लाजल्यासारखं होतं, एवढं बोलून ती थांबली.

"बरोबर?" बाईंनी मागे बघत विचारलं.

ड्रायव्हरांनी बाकावर नख ओढलं.

"नाही. एक राहिलं."

सगळी डोकी मागे वळली.

"मला पोहता येत नाही," ते म्हणाले. "ही बुडायला लागली तर मी काठावर नुसता उभा राहीन."

टकळीचा चेहरा खर्रकन उतरला. पण नियम म्हणजे नियम, तिला ते पुन्हा म्हणायचं होतं.

"बाबांना पोहता येत नाही. मी बुडाले तर..."

पुढचं न म्हणता ती मागे वळून बाबांकडे बघू लागली.

"बरोबर," मागून ड्रायव्हरच हळूच म्हणाले.

हे इथेच थांबवावं, असं बाईंना फार वाटलं. पण नियम त्यांनीच केलेला.

"आता तुझी बाजू," त्या म्हणाल्या.

टकळीनं बाहीनं डोळे पुसले.

"म्हणूनच तर मला शिकायचंय, बाबा."

ड्रायव्हर उठले, टेबलापर्यंत आले आणि अर्जाकडे बघत उभे राहिले.

"याचं उत्तर लगेच द्यावं लागतं का?" त्यांनी बाईंना विचारलं.

"नाही. घरी विचार करून दिलं तरी चालतं."

"मग उद्या येतो," ते म्हणाले आणि अर्जाची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला.