साखळदंडातली रोमानिया

कल्पना करा मुलांनो, की तुम्ही नऊ वर्षांची मुलगी आहात, डोक्यावर कागदी मुकुट आहे, मनगटांत लोखंडी साखळी आहे आणि तुम्ही म्हणजे अख्खा रोमानिया देश आहात.

रोमानियाच्या मोल्दोवा प्रांतातल्या एका गावात, दहा मेच्या राष्ट्रीय सणाला, झमफिराचं नेमकं हेच झालं होतं. भाषणानंतर कुणातरी थोर माणसाने साखळीचं कुलूप उघडायचं, की देश स्वतंत्र आणि मग बँड. दरवर्षीचा रिवाज होता.

चौकाच्या दुसऱ्या टोकाला सैन्यभरतीच्या गाड्या जुंपल्या जात होत्या. त्यांतल्या एकीत तिचा भाऊ पिंतिली बसला होता. तीन वर्षांसाठी चालला होता.

"गुरुजी, मी पटकन भेटून येते. दादा निघालाय."

"गप उभी राहा," इफ्तिमी गुरुजी कुजबुजले. "रोमानिया बोलत नसते."

वकील कोस्ताके पुढे आले. "देशाला स्वातंत्र्य दिलं आमच्या पक्षाने. कुलूप मी उघडणार."

"अहो वकील, साखळी माझ्या तबेल्यातली आहे!" जमीनदार मनोलाके खुर्चीतूनच ओरडले. "किल्लीही माझ्याच खिशात आहे. उघडा बघू, कसं उघडता ते!"

"ऐकलंत, लोकहो? देशाची किल्ली हे खिशात घालून हिंडतात!"

"तुम्ही तर देशच खिशात घातला असता. माझं नशीब, तुमचे खिसे फाटके आहेत."

लोक हसले. गुरुजींनी तोड काढली: आधी दोघांनी भाषण करावं, मग ठरवू. वकिलांनी रोमन पूर्वजांपासून सुरुवात केली.

ते दुसऱ्या शतकात पोचले तेव्हा पहिली गाडी हलली. झमफिराच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

"बघा!" वकिलांचा आवाज भरून आला. "रोमानिया स्वातंत्र्यासाठी रडते आहे!"

"आमच्याकडे बघून रडतेय ती," जमीनदार म्हणाले.

टाळ्या पडल्या. बायकांनी रुमाल काढले. पिंतिलीची गाडीही हलली. तो उभा राहून गर्दीत कुणाला तरी शोधत होता.

साखळी घोड्याच्या पायाची होती, कडी चांगलीच मोठी. ती निसटून समारंभ बिघडू नये म्हणून झमफिराने सकाळपासून मुठी घट्ट आवळून ठेवल्या होत्या.

तिने मुठी सोडल्या, साखळी मंचाच्या फळ्यांवर टाकली आणि मुकुटासकट गाडीमागे धावत सुटली.