माहेरचा माणूस

दुबईच्या खाडीवर तेव्हा पूल बांधायचं काम नुकतंच सुरू झालं होतं. इकडून तिकडे जायचं तर वल्ह्यांच्या होडीत बसायचं, जिला सगळे अब्रा म्हणत. जैनब त्या आठवड्यात अब्रात इतक्यांदा बसली की नावाडी तिला पाहून विचारू लागला, "आज कोणतं ऑफिस, बहन?"

ऑफिसं दोनच होती, पण दोन्हीकडून ती हात हलवत परत आली होती.

जैनबचा नवरा कमरुद्दीन तीन वर्षांपूर्वी तिला रत्नागिरीकडच्या गावातून इथे घेऊन आला. शहरबानू फुफीच्या घरात तिला ठेवली आणि स्वतः बहरैनला दुकान टाकायला गेला. दुकान टाकलं, आणि दुसरं घरही थाटलं. तिकडे निकाह केला तो केला, पण इकडे ना नांदवतो ना सोडतो. शहरबानू फुफी म्हणजे त्याच्या बापाची बहीण. आई लवकर गेली म्हणून तिनंच त्याला वाढवलेला. ती जैनबला उपाशी ठेवत नव्हती, पण जीभ अशी की जेवलेलं अंगी लागू नये. शेवटी रमजान संपल्यावर जैनब कपड्यांचं एक बोचकं घेऊन खाडीपलीकडे खैरुन्निसाच्या घरी आली. खैरुन्निसा गावातलीच, शेजारच्या घरातली. माडाच्या नव्हे, खजुराच्या झावळ्यांचं तिचं घर, पण दार कधी बंद नसायचं.

कमरुद्दीन आता मालाच्या कामासाठी दुबईत आला होता. पुढल्या आगबोटीनं तो परत जाणार. तो गेला की पुन्हा कधी येईल ते अल्लालाच ठाऊक, आणि तोवर जैनब अशीच टांगलेली.

खैरुन्निसाचा नवरा अलीमियाँ लाकडाच्या वखारीत हिशेब बघायचा. अरबी चांगलं बोलायचा, थोडं इंग्रजीही. कोर्टाचा विषय निघाला की त्याच्या अंगात येई.

"ही केस माझ्यावर सोडा," त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "आपण हिंदी लोक. आपला दावा इंग्रजांच्या एजन्सीत, त्यांच्या कचेरीत. डायरेक्ट अप्लिकेशन!"

एजन्सीतल्या मद्रासी क्लार्कनं सगळं शांतपणे ऐकलं, जैनबला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "कर्ज, मारामारी, चोरी आमच्याकडे. निकाह-तलाक काझीसाहेबांकडे. मॅडम, नेक्स्ट टाइम आधी त्यांच्याकडे जा."

"हे मी म्हणतच होतो," अलीमियाँ पायऱ्या उतरताना म्हणाला.

काझीसाहेबांच्या ओसरीवर चटया पसरलेल्या होत्या आणि कोपऱ्यात कहव्याची किटली. वृद्ध माणूस, डोळे अर्धे मिटलेले, पण ऐकत होता. अलीमियाँनं अरबीत लांबलचक भाषण केलं. काझींनी हात वर करून त्याला थांबवलं आणि जैनबकडे न बघता, जमिनीकडे बघत मऊ आवाजात विचारलं. अलीमियाँनं मराठीत सांगितलं, "तुझं तू सांग म्हणतात."

जैनबनं चार वाक्यांत सांगितलं. जास्त बोलायची तिला सवयच नव्हती.

काझी म्हणाले, कुराणात सांगितलंय तसंच होईल. एक पंच नवऱ्याच्या घरचा, एक बायकोच्या घरचा. दोघांनी बसून बघायचं, जुळत असेल तर जुळवायचं, नसेल तर सोडवायचं. "जुम्यानंतरच्या, शनिवारच्या बैठकीला तुझ्या घरचा माणूस घेऊन ये."

तिथेच गाडी अडली. जैनबचा बाप वारलेला, सख्खा भाऊ नाही, चुलते गावी. दुबईत गावचे पुरुष होते, पण त्यांच्या गावात कोण कुणाचा नव्हता! लग्नं आपसातच व्हायची, म्हणून जो तो कमरुद्दीनचाही चुलतभाऊ नाहीतर मेहुणा निघे. जो तो म्हणे, "आमचं दोन्हीकडचं नातं गो, आम्हाला मधी नको घालू." कमरुद्दीननं मात्र त्याचा चुलतभाऊ खैरुद्दीन केव्हाच उभा केला होता. "तिच्या बाजूनं कोण येणारे?" असं तो बाजारात हसून विचारत असल्याचं कानावर आलं.

जैनब दर गुरुवारी रोजा ठेवायची, आईनं लावलेली सवय. त्या गुरुवारी अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर ती तसबीहचे मणी ओढत बसली होती, तेव्हा दारात इद्रीस आला. इद्रीस म्हणजे कोकणातून येणाऱ्या गलबतावरचा भंडारी, स्वयंपाकी. अंगानं गोल, आवाजानं गडगडाट. प्रत्येक फेरीला तो खैरुन्निसाकडे आमसुलं आणि सुके बोंबील टाकून जायचा.

"जैनू! रोजा सोडायला खजूर नको, मी गावची केळी आणलीत!"

जैनब उठली, केळी घेतली, डोक्यावरची ओढणी मानेवर पडली होती ती तशीच राहू दिली आणि त्याला पाणी दिलं. अलीमियाँ ओट्यावर बसून पुढच्या भाषणाची तयारी करत होता. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"जैनब, माझ्यासमोर तू ओढणी ढळू देत नाहीस. हा इद्रीस काय माणूस नाही?"

"त्याच्यासमोर कसला पडदा, अलीभाई? आम्ही एकाच आईचं दूध प्यायलोय. हा जन्मला तेव्हा त्याच्या आईला ताप भरला होता. माझ्या आईनं आम्हा दोघांना पाजलं."

अलीमियाँच्या हातातला पेला खाली पडला. "अगं बाई! मग हा तुझा दूधभाऊ! एवढे दिवस तोंड शिवलं होतं काय?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि दूधभाऊ चालतो, हे मला काय माहीत!"

"चालतो म्हणजे! त्याचं तुझ्याशी लग्न होऊ शकत नाही, म्हणजे तो तुझ्या घरचाच!"

इद्रीस केळं सोलता सोलता थांबला. "कशाला चालतो मी? कुठे चालायचंय?"

त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा आवाज बारीक होत गेला. "जैनू, मला डाळ शिजवायला सांग, जहाजभर माणसं जेवू घालायला सांग. काझीपुढे मी काय बोलणार गो?"

"खरं तेच," जैनब म्हणाली.

अलीमियाँनं लगेच नियम मांडले. आपण कोकणी लोक शाफई पंथाचे. आपल्यात दूधनातं लागायला पोरानं पाच वेळा वेगवेगळं, पोटभर प्यायलेलं हवं. आणि साक्षीला बायका चालतात, पण चार.

"पाच वेळा?" इद्रीसनं पोटावर हात फिरवला. "हे पोट बघून काझी पन्नास म्हणतील."

खैरुन्निसा त्या वेळी नऊ-दहा वर्षांची होती, तिनं पाहिलेलं. मैमुनाबी, जिचा मुलगा इथे कापडाचं दुकान चालवायचा, ती तर बाळंतिणीजवळच होती. मैमुनाबीची जाऊही होती. तिघी झाल्या. त्यांची तालीम घ्यायला अलीमियाँनं सगळ्यांना जमवलं आणि अर्ध्या तासात भांडण लागलं.

"पहिल्यांदा पाजलं ते मळणीच्या दिवशी," मैमुनाबी म्हणाली.

"मळणी कुठली? नारळ उतरवत होते!" जाऊ म्हणाली.

"तुला तेव्हा दिसत होतं का नीट? सुईत दोरा ओवता येत नव्हता!"

"अल्ला, अल्ला," खैरुन्निसा हसता हसता म्हणाली, "तुम्ही दोघी अशाच बोललात तर काझी इद्रीसलाच तलाक देतील."

पण चौथी कोण? मैमुनाबीनं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "चौथी आहे. शहरबानू. ती तर इद्रीसच्या आईच्या खोलीत रोज जायची."

 नवऱ्याला वाढवणारी फुफी त्याच्याच विरुद्ध साक्ष द्यायला येणार?

"मी विचारून येते," जैनब म्हणाली. आपल्याच आवाजाचं तिला नवल वाटलं.

फुफी अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. जैनबला पाहून तिनं सूप थांबवलं नाही.

"आलीस? मला वाटलं तू तुझ्या वकिलांच्या घरी राहतेस आता."

"सलाम, फुफी. एक विचारायला आले."

"माझ्या पोराच्या विरुद्ध बोल म्हणायला आलीस. सगळी दुबई बोलतेय, मला बहिरी समजतेस?"

"कमरूच्या विरुद्ध काही नको," जैनब म्हणाली. ती सुपासमोर खाली बसली. "एवढंच सांगा, माझ्या आईनं इद्रीसला पाजलं होतं की नाही? मला घरी सांगू नका. तिथे येऊन सांगा. जे असेल ते. नाही म्हणालात तरी मी ऐकेन."

सूप थांबलं. फुफीनं एक खडा वेचून बाजूला टाकला, मग दुसरा. पलीकडे मशिदीत अजान झाली.

"नमाजची वेळ झाली," फुफी म्हणाली. "जा."

एवढंच. जैनब परत अब्रात बसली तेव्हा नावाड्यानं विचारलं, "काम झालं?" ती म्हणाली, "इन्शाल्ला."

बैठकीच्या दिवशी ऊन चढलं होतं. तिघी साक्षीदार आणि जैनब बुरखे घालून, एकमेकींचे हात धरून होडीत चढल्या. इद्रीसनं नवा सदरा घातला होता आणि हातात एक मोठा झाकणाचा डबा होता.

"हे काय?" अलीमियाँ ओरडला. "हे कोर्ट आहे, पिकनिक नाही!"

"उपाशीपोटी मला काही सुचत नाही. आणि खैरुद्दीन माझ्या समोर बसणार ना? तोही माणूसच आहे."

नावाडी वल्हं मारणार तेवढ्यात पलीकडून आलेल्या दुसऱ्या अब्रातून उतरून, छत्री उंचावत कुणीतरी हाक मारली. काळा बुरखा, हातात रुमालात गुंडाळलेलं कुराण आणि चालण्यातला तोच ठसका.

"थांबव रे! मला सोडून जाताय?"

शहरबानू फुफी होडीत बसली. कुणाकडे पाहिलं नाही. बाजूला सरकायला मात्र तिनं जैनबला खुणावलं, आणि छत्री अर्धी तिच्या डोक्यावर धरली.

काझींच्या ओसरीवर कमरुद्दीन आणि खैरुद्दीन आधीच होते. अलीमियाँ पाठ केलेलं भाषण घेऊन पुढे सरसावला. शाफई मत, पाच वेळा, चार बायका, सगळं सांगायला तो सुरुवात करणार तोच काझींनी मैमुनाबीकडे खूण केली. तिनं सांगितलं की आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं. मग जावेनं सांगितलं. मळणी की नारळ, हे दोघींनी शहाणपणानं टाळलं.

काझी म्हणाले, "खलास. एवढं पुरे."

अलीमियाँ गडबडला. "पण हुजूर, पाच वेळा सिद्ध करायचं आहे. अजून दोन साक्षीदार आहेत."

काझींच्या मिशीत हसू आलं. ते म्हणाले, आम्ही मालिकी पंथाचे. आमच्याकडे एकदा प्यायलं तरी पुरे, आणि गावात माहीत असलेल्या गोष्टीला दोन बायका पुरतात. तुम्ही एवढ्या उन्हात सगळ्यांना का आणलंत?

ओसरीवर एक हशा उठला. कमरुद्दीन सोडून सगळे हसले, खैरुद्दीनसुद्धा. अलीमियाँ खाली बसला, जणू त्याच्या हातून ताटच काढून घेतलं.

"हसू नका," शहरबानू फुफी उभी राहिली. "मी उन्हातून आलेय. माझीही साक्ष घ्या." काझींनी मान डोलावली. "इद्रीसची आई तापानं फणफणत होती. पोर रडून निळं पडलं होतं. मीच त्याला पदरात घालून शेताच्या बांधावरून हिच्या आईकडे नेलं. रोज नेलं, त्याची आई बरी होईपर्यंत. हिच्या आईनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. स्वतःची पोर एका बाजूला, हा दुसऱ्या बाजूला." मग ती कमरुद्दीनकडे वळली. आवाज जराही चढला नाही, आणि म्हणूनच तो सगळीकडे ऐकू गेला. "कमरू, परक्या पोराला दूध देणाऱ्या बाईची ही मुलगी. तिला तू माझ्या घरात टांगून ठेवलीस, आणि मी तोंडानं तिला आणखी टोचलं. तुझ्या पापात माझा वाटा आहे, बाळा. आता माझ्या पदरातलं पाप तरी काढ."

कमरुद्दीननं मान खाली घातली. बाजारातलं हसू त्याला कुठे ठेवावं ते कळेना.

दोन पंच आतल्या खोलीत बसले. आत जाण्याआधी इद्रीस जैनबजवळ आला. "जैनू, एकदाच विचारतो. नांदायचंय?"

"नाही, भाऊ."

"बरं," तो म्हणाला, आणि डबा उचलला.

आत काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही. तांदळाच्या भाकरीचा आणि माशाच्या कालवणाचा वास मात्र ओसरीपर्यंत आला. काझींनी तेवढ्यात आणखी एकाचा वाद मिटवला. मग दोघे हात पुसत बाहेर आले. खैरुद्दीन म्हणाला, "जुळणार नाही. भावाला मी समजावतो." जैनबनं नवऱ्याकडून यायची मेहरची रक्कम सोडली. कमरुद्दीननं खाली बघतच तलाकचे शब्द उच्चारले, आणि काझींनी दुआ केली.

जैनबला वाटलं होतं, त्या क्षणी रडू येईल. आलं नाही. छातीवरून कुणी धान्याचं पोतं उचलल्यासारखं झालं, आणि तिला फार भूक लागली.

"डब्यात काही उरलंय का?" तिनं विचारलं.

इद्रीस लाजला. "खैरुद्दीन चांगला खातो गो."

परतताना अब्रा आधी फुफीच्या घराजवळच्या घाटाला लावावी लागली, कारण इद्रीसला जैनबची पेटी आणि शिवणाचं मशीन आणायचं होतं. आईनं दिलेलं मशीन होतं ते. त्यानं ते डोक्यावर घेतलं आणि घाटापर्यंत गात आला. नावाड्यानं हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "वरात! फक्त दिशा उलटी."

फुफी काठावर उभी राहिली होती. जैनब होडीत पाय ठेवणार तशी तिनं छत्री तिच्या हातात दिली. "इद्दतचे तीन महिने खैरुन्निसाकडेच काढ. बाहेर फिरू नकोस, समजलं? मी येत जाईन तांदूळ घेऊन."

"जी, फुफी."

"आणि माझा बुरखा शिवायला घेतला होतास, तो अर्धाच आहे. मशीन नेलंस म्हणून सुटलीस असं समजू नकोस."

जैनब हसली. खूप दिवसांनी तिला आपलं हसणं ऐकू आलं. "पुढच्या जुम्याला तयार असेल."

"यल्ला, यल्ला," नावाडी म्हणाला आणि त्यानं वल्हं पाण्यात घातलं. अलीमियाँ पुढच्या टोकाला बसून मैमुनाबीला मालिकी आणि शाफई यांतला फरक समजावू लागला होता, आणि ती जावेला विचारत होती, "पण खरं सांग, मळणीच होती ना?"