दारात मशीन ठेवू नये

मशीन घरात आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून भरतेश मगदूमच्या दारातल्या चपला आपणहून रांगेत उभ्या राहायला लागल्या. पाहुण्यानं दारात चपला काढाव्यात, आत जाऊन पंख्याखाली बसावं, आणि मागे त्या दोन्ही सरकत सरकत मशीनकडे तोंड करून उभ्या राहाव्यात. तेही आधी आलेल्यांच्या मागे, कुणाच्या टाचेला अंगठा न लावता. मगदूमांच्या घरात एवढी शिस्त पूर्वी कधीच नव्हती. त्यामुळे भरतेशला पहिला संशय आला तो बायकोचा.

“चपला तू लावून ठेवतेस काय गं?”

“मी तुमचे मोजे उचलत नाही,” त्रिशला म्हणाली, “लोकांच्या चपला कशाला लावीन?”

हे खरं होतं. मोजे अजून सोफ्याखालीच होते.

मशीन मिरजेच्या लतीफचाचांच्या व्हिडिओ गेम पार्लरमधलं. शाळा बुडवून भरतेश ज्याच्यासमोर मोठा झाला, तेच ते, विमानाच्या गेमचं. त्या पार्लरमध्ये नंबर लावायची पद्धत अशी होती, की चपला काढून मशीनसमोर ठेवायच्या आणि आपण खुशाल बाहेर वडापाव खायला जायचं. चपला असल्या म्हणजे नंबर असला. आईबापाचं न ऐकणारी पोरंसुद्धा तो नियम मोडत नसत. पुढं पार्लर बंद पडलं, भरतेश सांगलीत बँकेला चिकटला, लग्न केलं, फ्लॅट घेतला, आणि तरी त्याच्या मनातलं विमान काही खाली उतरेना. शेवटी त्यानं मशीन विकत घेतलं. लतीफचाचा टेम्पो घेऊन आले आणि पायातले बूट न काढता घरात शिरले. त्रिशलानं त्या बुटांकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर पायच काढून बाहेर ठेवले असते.

मशीन आतल्या बोळातून जाईना. म्हणून ते दारातच, चपलांच्या जागेसमोर ठेवलं.

“दारात ठेवू नको बेटा,” लतीफचाचा म्हणाले.

“का ओ?”

“दारात लोक चपला काढतात.”

भरतेशला वाटलं, धुळीबद्दल बोलतायत. त्यानं कव्हर शिवायला टाकलं.

पहिला नंबर सोसायटीचे चेअरमन सोहनी काका यांचा लागला. ते आवाजाची तक्रार करायला आले होते. रीतसर चपला काढून आले, रीतसर तक्रार केली, चहा पिऊन जाताना बोलण्याच्या नादात आतल्या स्टँडवरचे भरतेशचे स्लीपर घालून गेले. त्यांच्या चपला मशीनसमोर थांबल्या. दोन दिवसांनी भर सकाळी, अर्धी दाढी केलेली, अर्धी साबणात, असे काका दारात आले आणि म्हणाले, “माझा नंबर आला.”

“कसला?”

“तेवढं मला ठाऊक नाही. पण आला.”

त्यांनी आयुष्यात गेमचं बटण दाबलं नव्हतं. तरी उभे राहिले आणि खेळायला लागले. तीन लाईफ असतात. पहिली गेली तेव्हा काकांचे खांदे सरळ झाले. दुसरी गेली तेव्हा कोपर काटकोनात आले आणि चौकड्यांच्या शर्टाला सनमायक्याची चकाकी आली. तिसरी गेली आणि काका उभे होते तिथं एक अरुंद, उंच, करड्या रंगाचं मशीन उभं होतं. खाली रबरी पाय, पोटाला कुलूप. पडद्यावर एक छोटा माणूस गच्चीवरची टाकी भरून वाहायच्या आत पंप बंद करायला धावत होता.

दुपारी सोहनी काकू आल्या. उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

“हे इथं आलेत का?”

भरतेशनं बोट दाखवलं. काकूंनी मान लांब करून पडद्यात पाहिलं.

“हेच. पंप कधी दुसऱ्याला बंद करू देतील तर शपथ.” मग त्यांची नजर रांगेतल्या चपलांवर गेली आणि त्या एक पायरी खाली उतरल्या. “उन्हात ठेवू नका त्यांना. ऊन सोसत नाही.”

भरतेशला वाईट वाटलं. ते संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी त्यानं काकांना तिरकं करून बोळातून आत घेतलं. काका अंगानं बारीक, आरामात गेले. हॉलच्या भिंतीला लावून तो लांबून बघत उभा राहिला. एक मशीन घेतलं की लोक येडा म्हणतात. दोन झाली की संग्राहक म्हणतात. एका सोहनी काकांचा हा फरक होता.

त्यानंतर बघायला माणसं यायला लागली. ती दारात चपला काढत होती, हा काही भरतेशचा दोष नव्हता. चपला घालून आत या, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? घरच्यांचं तसं भय नव्हतं, कारण घरच्यांच्या चपला आतल्या स्टँडवर. भय बाहेरच्यांचं, आणि बाहेरच्यांनी स्वतःची काळजी स्वतः घ्यावी. त्यानं हे स्वतःला दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा पटलं. बँकेतले हेडकॅशियर आले आणि काही दिवसांनी एक छान निळं मशीन झाले, ज्यात नोटांवर रबर बँड चढवायचे होते. कॉलेजातले एक सर आले. त्यांचा गेम फार अवघड निघाला, कुणाला समजेना, पण रंग सुरेख होता.

मग भरतेश माणसांना चहाला बोलवायला लागला.

“एक विचारू?” त्रिशला म्हणाली. ती शेंगा फोडत बसली होती. “लग्नाला सहा वर्षं झाली. आजवर तुम्ही कुणाला चहाला बोलावलंय?”

“माणसं जोडावीत म्हटलं.”

“जोडताय का मांडताय?”

भरतेशनं शेंगदाणा तोंडात टाकला, म्हणजे उत्तर द्यायला लागू नये. तो कडू निघाला.

त्या आठवड्यात त्यानं बोलावलं ते त्रिशलाच्या मामांना. जिनगोंडा मामा एकेकाळचे पैलवान. छाती अशी, की रिक्षात एकटे बसले तरी रिक्षा भरायची. दोघांनी शेजारी उभं राहून खेळायची रुंद मशीनं असतात, ती मिळत नाहीत. चाळीस वर्षांत मिरजेत एकच आलं होतं. मामांकडे बघताना भरतेशला बाकी काही सुचत नसे.

मामा जयसिंगपूरहून आले ते भडंगाची पिशवी, ऊस आणि दोन फणस घेऊन. त्रिशला त्यांना आणायला खाली गेली. वर येताना तिच्या दोन्ही हातांत फणस. मामांनी दारात कोल्हापुरी पायताण काढलं. तिनंही त्यांच्यामागोमाग चपला तिथंच काढल्या आणि आत गेली. स्टँडवर ठेवायला हात कुठं मोकळा होता?

भरतेशनं पाहिलं तोवर चपला सरकून झाल्या होत्या. सर्वांत पुढे परवा येऊन अनवाणीच परत गेलेल्या विमा एजंट पाटोळ्यांचे काळे बूट, त्यामागे मामांचं पायताण, त्यामागे त्रिशलाच्या मरून चपला, एकीचा पट्टा सेफ्टी पिनेनं जोडलेला. त्यानं त्या उचलून स्टँडवर ठेवल्या. पाणी पिऊन आला तर त्या पुन्हा रांगेत. त्यानं कपाटात कोंडल्या. कपाट आतून धडधडलं आणि शेवटी त्यानंच दार उघडलं. मशीनची वायर काढली. मशीन चालूच राहिलं, उलट जरा बरं चालायला लागलं. मग तो स्वतःच खेळायला उभा राहिला, की आपण खेळत राहिलो तर रांग सरकणार नाही. पण बटणं दबेनात आणि मागे तिन्ही जोड चुळबुळायला लागले, मध्येच घुसणाऱ्या माणसामागे रांग चुळबुळते तसे.

त्यानं लतीफचाचांना फोन लावला.

“सांगितलेलं मी,” लतीफचाचा म्हणाले. “दारात ठेवू नको.”

“तुम्ही नीट सांगायचं ना चाचा!”

“याच्यापेक्षा नीट कसं सांगतात? बरं, मी घेऊन जातो, तुला एकट्याला ते हलायचं नाही. मशीन दारातनं हललं की नंबर मोडले. जे झाले ते झाले. राहिलेले आपापल्या घरी.”

“कधी येता?”

“टेम्पो दारातच उभा आहे. आत्ता निघतो म्हण.”

भरतेश हो म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात हॉलमधून मामांचं हसणं आलं. त्या हसण्यानं सोहनी काका, हेडकॅशियर आणि सर तिघांच्याही काचा थरथरल्या.

“संध्याकाळी या,” तो म्हणाला.

पलीकडे टेम्पोची किल्ली वाजली.

“रांगेत कोण आहे बेटा?”

“बाहेरचेच आहेत,” भरतेश म्हणाला.

हिशेब सरळ होता. पाटोळे अजून यायचे होते. ते चिवट माणूस, सहजासहजी हरणार नाहीत. त्यांच्यानंतर मामा, म्हणजे पैलवान. पैलवान गडी संध्याकाळपर्यंत खेळेल. मामा झाले की लगेच टेम्पो. त्रिशलाचा नंबर येण्याआधी मशीन मिरजेच्या वाटेला लागलेलं असेल.

पाटोळे आले, पॉलिसी समजावत समजावत खेळले आणि जेवणाच्या वेळेला झाले. भरतेशनं त्यांना कसंबसं खोलीत ढकललं. परत येताना त्याच्या हातात टेप होती. बोळाची रुंदी घ्यायची होती, मामांसाठी. त्रिशला समोरून ताटं घेऊन आली. त्यानं तिला वाट दिली, आणि ती गेली तशी टेप तिच्या पाठीमागे नुसती उघडली.

“काय मोजायलाय?” ती न वळता म्हणाली.

“बोळ.”

“बोळ माझ्या खांद्याएवढा आहे होय?”

तेवढ्यात मामा भाताचा घास तसाच ठेवून उठले. “पोरी, माझा नंबर आला,” म्हणाले आणि हात धुवून दाराकडे गेले.

पैलवान संध्याकाळपर्यंत काय, आमटी निवेपर्यंत टिकला नाही. मामांचा एक अंगठा सगळी बटणं एकदम दाबायचा. विमान उडालं, पडलं, उडालं, पडलं. तिसऱ्यांदा तर उडालंच नाही. आणि दारात ते उभं राहिलं. रुंद, लाल मातीच्या रंगाचं, दोघांनी खेळायचं. पडद्यावर दोन पैलवान एकमेकांचा हात धरून थांबले होते. भरतेशचे डोळे भरून आले. कशानं ते त्यानं स्वतःला विचारलं नाही.

त्यानं मामांना जिवाच्या आकांतानं ढकललं. मामा बोळात अर्धे गेले आणि अडकले. पुढेही जाईनात, मागेही येईनात. एका परीनं बरंच झालं, भरतेशला वाटलं. आता आतला माणूस दारात येऊ शकत नाही. त्यानं घाईघाईनं फोन काढला.

“चाचा, निघा. आत्ता निघा.”

“मी कधीच निघालोय, सांगलीत शिरलो,” लतीफचाचा म्हणाले.

आत गॅस बंद झाल्याचा आवाज आला. मग पदराला हात पुसत त्रिशला बोळाच्या पलीकडच्या टोकाला आली. तिनं मामांकडे पाहिलं. साडी खोचली, मामांच्या बटणांवर गुडघा टेकून वर चढली आणि अलीकडे उतरली. मग वळून मामांना हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

“पाय लागला मामा.”

भरतेश मशीनला पाठ लावून उभा होता.

“जाऊ नकोस.”

“सरका. माझा नंबर आहे.”

“सोडून दे की.”

“नंबर सोडू?” तिला खरंच कळेना. गॅसच्या गाडीपासून दवाखान्यापर्यंत या बाईनं आयुष्यात आलेला नंबर सोडला नव्हता. “मागचे काय म्हणतील?”

“मागं कुणी नाही.”

तिनं पाहिलं. मागं खरंच कुणी नव्हतं. ती थांबली. त्या थांबण्यात भरतेशला वाटलं, आता होईल. खाली कोपऱ्यावर टेम्पो वळल्याचा आवाज आला.

“मग एवढं सांगा,” त्रिशला म्हणाली. “मामा माझ्या पुढं होते, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“आणि चाचा कधी येणार होते?”

भरतेशनं फोन खिशात सरकवला.

“मी तुम्हाला स्वयंपाकघरात पाहिजे का भिंतीला?”

उत्तर सोपं होतं. कुठल्याही नवऱ्यानं झोपेत दिलं असतं. भरतेशनं फक्त श्वास घेतला. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांसमोर हॉलची खिडकीकडची भिंत येऊन गेली, जिथं दुपारचा उजेड तिरका पडतो. किती वेळ गेला त्याला समजलं नाही. तिला समजलं.

“सरका,” ती म्हणाली.

तो सरकला.

त्रिशला चांगली खेळली. इतकं चांगलं त्या मशीनवर कुणी खेळलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. पहिली लाईफ बराच वेळ गेली नाही. गेली तेव्हा तिनं फक्त ‘च्’ केलं आणि तिचे खांदे सरळ झाले. दुसरी गेली तेव्हा खाली टेम्पो थांबला, दार आपटलं, आणि जिन्यावर बुटांचा आवाज सुरू झाला. तिच्या कोपरांना कडा आल्या होत्या. साडीच्या काठाची नक्षी तिच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर उतरत होती, फार नाजूक.

“पाणी,” ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

मामांच्या आणि भिंतीच्या फटीतून हात घालून त्यानं बोळातल्या फिल्टरजवळचा तांब्या ओढला आणि तिच्या ओठांना लावला. ती प्यायली. तिसरं विमान अजून हवेत होतं. एक थेंब तिच्या हनुवटीवरून ओघळून गळ्यावर आला आणि तिथं न मुरता, गोल, थांबून राहिला. बूट पहिल्या मजल्यावर आले. भरतेशनं थेंब अंगठ्यानं पुसला. त्या जागी अंगठ्याचा ठसा उमटला, म्हणून त्यानं खिशातलं, मशीनच्या काचा पुसायचं मऊ फडकं काढलं आणि तो ठसाही, हलक्या हातानं, पुसला.